फेस गेला, साबण राहिला

शबे-बरात सरली की गावोगावच्या मशिदींत लगबग सुरू होते. रमजान पंधरा दिवसांवर आलेला असतो. पंखे पुसले जातात, वुजूखान्याचे गळके नळ बदलले जातात, भिंतींवर रंगाचा हात फिरतो. या सगळ्यात मोठे काम असते कार्पेट धुण्याचे. ठेकेदाराची पोरे येतात, मशीन फिरते, पांढराशुभ्र फेस उठतो, शेवटी वरून सुगंधी द्रव्य शिंपडले जाते. पहिल्या तरावीहला आलेला नमाजी प्रसन्न होतो आणि ट्रस्टींना दुआ देतो.

पुढे पहिला अशरा, म्हणजे रमजानचे पहिले दहा दिवस, संपत येतात तोवर दारापासून पुढच्या सफांकडे जाणारा एक काळपट पट्टा उमटू लागतो. खांबांच्या कडेला, जिथे माणसे टेकून बसतात तिथे, चिकट डाग दिसतात. जिथे पाय उभे राहतात त्या ओळीत कार्पेटचा रंगच बदलतो. ईदच्या आधीच कुणीतरी म्हणते, "धुतलं होतं की नाही हो यंदा?" ट्रस्टी ठरलेले उत्तर देतात : एवढी गर्दी, एवढे पाय, मळणारच.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. गर्दीने कार्पेट मळते यात शंका नाही. पण अनेक मशिदींतला अनुभव असा की, धुण्यापूर्वी जे कार्पेट चार-सहा महिने बरे दिसत होते, तेच धुतल्यावर पंधरा दिवसांत काळे पडते. याचे कारण नमाजींच्या पायांत कमी आणि धुण्याच्या पद्धतीत जास्त आहे. मळ काढण्यासाठी जो साबण आत घातला, तो बाहेर काढलाच गेलेला नसतो. रमजानच्या तयारीत पैसे आणि मेहनत जिथे जायला हवी ती जागा हीच आहे. साबण कोणता घालायचा यापेक्षा घातलेला साबण पूर्ण कसा काढायचा, हे कमिट्यांनी ठरवायला हवे.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. ज्यांना नमाजची पद्धत ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सजद्यात माणसाचे कपाळ आणि नाक, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि पायांची बोटे जमिनीला टेकतात. एका रकातीत दोन सजदे असतात. रमजानमध्ये रात्रीच्या नमाजनंतर तरावीहची नमाज होते. जिथे ती २० रकातींची पढली जाते, तिथे एक नमाजी एका रात्रीत केवळ तरावीहमध्ये ४० वेळा कपाळ कार्पेटला टेकवतो. समजा, एखाद्या मध्यम मशिदीत १० सफा आहेत आणि प्रत्येक सफेत ४० माणसे. म्हणजे ४०० नमाजी, आणि एका रात्रीत १६ हजार सजदे. शेवटच्या अशऱ्यात काही जण एतिकाफला बसतात. ते मशिदीतच राहतात, तिथेच झोपतात. त्यांचे दहा दिवसांचे अंथरूण याच कार्पेटवर असते. नाक आणि श्वास कार्पेटच्या इतक्या जवळ नेणारी दुसरी सार्वजनिक जागा गावात शोधून सापडणार नाही. दम्याचा त्रास असलेले वयस्कर, बापाच्या शेजारी उभी राहणारी लहान मुले, सगळे त्यात आले.

साबण राहिला की काय होते?

साबण किंवा डिटर्जंट मळ काढतो तो त्याच्या दुहेरी स्वभावामुळे. त्याच्या कणाचे एक टोक तेलकट पदार्थाला धरते आणि दुसरे पाण्याला. तेलाला धरलेला मळ पाण्याबरोबर वाहून जातो तो याच कारणाने. पण त्यासाठी पाणी वाहून जायला हवे. पाणी नुसतेच वाळले, तर तेलाला धरणारे टोक धाग्यावर तसेच राहते आणि पुढच्या मळाची वाट पाहते. तळपायाचा तेलकटपणा, हवेतली धूळ, रस्त्यावरची काजळी, जे येईल ते त्याला चिकटते. केसांत शांपू राहून गेला तर दुसऱ्याच दिवशी केस चिकट होतात आणि धूळ धरतात, हे घराघरांत माहीत आहे. कार्पेटचे तेच होते. फरक इतकाच की केस पुन्हा धुता येतात, दोन हजार चौरस फुटांचे कार्पेट वर्षातून एकदाच निघते.

यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. पहिली, प्रमाण. डब्यावर काहीही लिहिलेले असो, "जरा जास्त टाक, स्वच्छ निघेल" या हिशेबाने दुप्पट-तिप्पट पावडर पडते. एका मर्यादेनंतर जादा साबणाने जादा मळ निघत नाही, तो फक्त मागे राहतो. दुसरी, साबणाची जात. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचे लिक्विड यांना भरपूर फेस येतो. ते बादलीतल्या किंवा नळाखालच्या पाण्यात निघून जावेत या हिशेबाने केलेले असतात. जमिनीला चिकटवलेल्या कार्पेटमधून ते काढणे महाकठीण. तिसरी, पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात साधा साबण क्षारांशी मिळून दह्यासारखी साय बनवतो. ती ना विरघळते, ना वाहून जाते. कार्पेटमध्ये ती वाळली की धागा कडक होतो, आणि चार दिवसांनी त्याच सायीवर धूळ बसते.

मग दुष्टचक्र सुरू होते. यंदा लवकर मळले, म्हणून पुढच्या वर्षी आणखी कडक पावडर. आणखी कडक पावडर, म्हणून आणखी शिल्लक. पाच-सात वर्षांत कार्पेटचे रंग मरतात, धागे गोळा होतात, पायाला खरखर लागते आणि कमिटी नवीन कार्पेटसाठी चंद्याची पेटी फिरवते. जे कार्पेट आणखी दहा वर्षे टिकले असते, ते मळाने कमी आणि धुण्याने जास्त मरते.

खात्री करून घ्यायची असेल तर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. दारातल्या वाटेवर तळहाताएवढ्या जागेत साधे कोमट पाणी शिंपडायचे आणि मऊ ब्रशने अर्धा मिनिट घासायचे. साबणाचा थेंब न टाकता फेस आला, तर तो गेल्या वर्षीचा साबण आहे.

दोष कुणाचा?

दोष ठेकेदाराच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. शाबानच्या शेवटच्या पंधरवड्यात गावातल्या प्रत्येक मशिदीला धुलाई हवी असते. भाव चौरस फुटावर ठरतो आणि जो कमी सांगतो त्याला काम मिळते. चार पोरांना एका रात्रीत, इशा ते फजरच्या मधल्या वेळात, अख्खा हॉल उरकायचा असतो. अशा वेळी कामातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही तो गळतो. फेस दिसतो, फेस पुसून घेतलेला दिसतो. फेसानंतर दोन वेळा साधे पाणी मारून ओढून घेणे कुणाला दिसत नाही आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. म्हणून तेच वगळले जाते.

मागणारेही फेसच मागतात. "भाई, फेस कमी वाटतोय, पावडर कमी टाकली का?" असे ट्रस्टी विचारतात. "खुशबू आली पाहिजे हां" असे सांगतात. "शेवटचं पाणी किती वेळा मारणार?" असे कुणी विचारत नाही. ज्याची तपासणी होत नाही ते काम कमी भावात कुणी करत नाही, हा कुठल्याही धंद्याचा नियम आहे. पोरे हातमोज्यांविना तीव्र पावडरीत रात्रभर हात घालतात, सकाळी त्यांची बोटे सोललेली असतात, हेही कुणी पाहत नाही. इबादतीची जागा तयार करताना मजुराचे हात सोलले जाणार असतील, तर तो हिशेबही कमिटीच्याच खात्यावर मांडला गेला पाहिजे.

सुगंधाचे तर वेगळेच. अत्तर तेलात बनते. ते कार्पेटवर शिंपडले की खुशबू दोन दिवस राहते आणि तेल कित्येक महिने. ज्या धाग्यातून तेलकटपणा काढायला एवढा खर्च केला, त्याच धाग्यात तो पुन्हा घातला जातो. खुशबू हवीच असेल तर ती कपड्यांना आणि हवेला असावी. लोबान जाळावा, कार्पेटला सोडावे.

पाकीची जुनी समज

या बाबतीत जुनी समज आजच्या मशीनपेक्षा शहाणी होती. इस्लाममध्ये पाकीला इमानाचा अर्धा हिस्सा मानण्याइतके महत्त्व आहे. हनफी फिकहमध्ये नापाक झालेले कापड पाक करण्याची रीत सांगितलेली आहे : तीन वेळा धुवावे आणि दर वेळी पिळावे. जी वस्तू पिळता येत नाही, जसे जाड गालिचा, ती तीन वेळा धुवावी आणि दर वेळी पाणी निथळू द्यावे, थेंब थांबला की पुढचे पाणी. हा नियम नापाकीबद्दल आहे, रोजच्या धुळीबद्दल नाही, हे खरे. पण त्यामागची समज लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात वजन पाणी घालण्यावर आहे तितकेच ते काढून घेण्यावर आहे. धुणे म्हणजे मळ सैल करणे एवढेच नव्हे, तो त्या वस्तूतून बाहेर जाणे.

घरातल्या बायकांना हे कुणी शिकवावे लागत नाही. कपड्याला साबण लावून तसाच दोरीवर टाकणारी बाई कुठल्याही धर्माच्या घरात सापडणार नाही. आधी घासणे, मग दोन पाण्यांतून खळबळणे, मग पिळणे, मग ऊन. शेवटच्या पाण्यात हात घालून ते गढूळ आहे की नितळ हे पाहणे. मशिदीच्या कार्पेटला हीच रीत लावायची आहे. गोधडीला जो मान मिळतो, तेवढा सजद्याच्या जागेला मिळावा ही काही मोठी मागणी नाही.

मग धुवावे कसे?

सुरुवात पाण्याने करूच नये. कार्पेटमधल्या मळाचा बहुतांश भाग सुकी धूळ आणि बारीक रेती असते. तिच्यावर पाणी पडले की चिखल होतो, आणि तो चिखल तळापर्यंत जातो. रेतीच्या कणांना धारदार कडा असतात. पायांखाली त्या धाग्याला पॉलिश पेपरसारख्या कापत राहतात. म्हणून धुण्याच्या आदल्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनर सावकाश, उभा आणि आडवा, दोन्ही दिशांनी फिरवावा. झाडूने वरचा कचरा निघतो, तळाची धूळ निघत नाही. सुटे जानमाज किंवा पट्ट्या असतील तर जुनी पद्धतच उत्तम : उलटे टाकून पाठीवर काठीने झोडपावे, मग उचलून खाली किती रेती पडली ते पाहावे. निम्मी धुलाई इथेच झालेली असते.

त्यानंतर साबण, तोही कार्पेटसाठीचा, कमी फेसाचा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. तो फवारून दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावा, पण वाळू देऊ नये. मळ सैल व्हायला वेळ लागतो. तो वेळ दिला की जास्त पावडरीची गरज उरत नाही.

मग खरे काम : साधे, शक्य असेल तर गरम पाणी मारणे आणि लगेच ओढून घेणे. पाणी फवारणारी आणि त्याच वेळी खेचून घेणारी मशीन आता जिल्ह्याच्या गावांतही भाड्याने मिळतात. एक फेरी पाणी मारत, दोन फेऱ्या नुसत्या ओढत, हा नियम ठेवावा. टाकीत येणारे पाणी नितळ दिसेपर्यंत आणि त्यावरचा फेस थांबेपर्यंत हे करत राहावे. ज्या मशिदीत वर्षानुवर्षे नुसती फेसाची धुलाई झाली आहे, तिथे पहिल्या वर्षी साबण घालूच नये. फक्त गरम पाणी मारून ओढावे. जुन्या साबणानेच टाकी फेसाने भरेल आणि तोच साबण जाता जाता मळही घेऊन जाईल.

शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा सिरका, बादलीभर पाण्याला साधारण वाटीभर, घातला तर पावडरीचा उरलेला अल्कलीपणा मोडतो आणि धागा मऊ राहतो. वाळल्यावर सिरक्याचा वास राहत नाही. लोकरीच्या गालिच्यावर किंवा जुन्या रंगावर आधी एका कोपऱ्यात करून पाहावे. लोकरीला अति गरम पाणी आणि तीव्र पावडर दोन्ही सोसत नाहीत. एक गोष्ट मात्र जपावी : सिरका आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. ब्लीचचे कार्पेटवर तसेही काम नाही, त्याने रंग उडतो.

शेवटची पायरी वाळवण्याची. सगळे पंखे, सगळ्या खिडक्या, आणि शक्यतो त्याच दिवशी कोरडे. चोवीस तासांहून अधिक ओल राहिली की पाठीमागच्या तागाला, रबराला कुबट वास धरतो, बुरशी येते. दुसरेही एक होते. कार्पेट वरून वाळताना तळातले पाणी धाग्यातून वर चढते, जसे वातीतून तेल चढते, आणि तळाचा मळ टोकावर आणून ठेवते. धुतलेला डाग दोन दिवसांनी पुन्हा उमटतो तो यामुळे. जिन-भूत नाही, जास्त पाणी आणि कमी ओढणे. म्हणून जमिनीला चिकटवलेल्या कार्पेटवर पाइप लावून पाणी सोडणे हा सर्वांत वाईट मार्ग. सूर्याची साथ दर वर्षी सारखी नसते, हेही ध्यानात ठेवावे. रमजान दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. येती काही वर्षे तो थंडीकडे सरकत जाईल. २०३० साली तर एक रमजान जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होईल. थंडीतल्या रात्री कार्पेट उशिरा वाळते. तेव्हा धुलाई रात्री उरकण्याचा हट्ट सोडून सकाळचे ऊन गाठावे लागेल.

परवडेल का?

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, पाणी. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे दोनदा पाणी मारायचे कसे? वुजू करतानाही पाणी उधळू नये ही शिकवण आहे, तेव्हा आक्षेप रास्त आहे. पण फवारून ओढणाऱ्या मशीनला पाइपच्या धारेपेक्षा कितीतरी कमी पाणी लागते. साबण कमी घातला की तो काढायला पाणीही कमी लागते. शिवाय जे कार्पेट वर्षभर स्वच्छ राहते, ते मधेच पुन्हा धुवावे लागत नाही.

दुसरा, पैसा. दोनदा पाणी ओढायचे म्हटले की ठेकेदार भाव वाढवणार, आणि तो वाढवून द्यायलाच हवा. त्याच्या पोरांचा वेळ दुप्पट जातो. पण हा खर्च नवीन कार्पेटच्या खर्चाशी ताडून पाहावा. लोकांनी चंदा दिला तो विश्वासाने दिला. तो विश्वास फेसावर खर्च होणे हीसुद्धा उधळपट्टीच आहे. एकाच मोहल्ल्यातल्या तीन-चार मशिदींनी मिळून एक चांगला व्हॅक्यूम क्लीनर घेतला, तर त्याचा भार कुणावरच पडत नाही.

तिसरा, वेळ. पाच वेळची नमाज कुणासाठी थांबत नाही, मशीद बंद ठेवता येत नाही. हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. अख्खा हॉल एका रात्रीत उरकण्याची सक्ती कुणी केली आहे? मागचा अर्धा हॉल एका दिवशी, पुढचा अर्धा दोन दिवसांनी, तोवर चटया अंथराव्यात. शाबानच्या शेवटच्या आठवड्याऐवजी रजब महिन्यात धुलाई केली, तर ठेकेदारही निवांत असतो, भावही बरा मिळतो आणि पोरांना शेवटचे पाणी मारायला वेळ मिळतो. चार दिवसांवर रमजान असतानाच कार्पेट धुतले पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही. ती सवय आहे, आणि सवय बदलता येते.

महिनाभराची निगा

धुलाई उत्तम झाली तरी महिनाभर कार्पेट जपावे लागते, आणि त्यात प्रत्येक नमाजीचा वाटा आहे. वुजू करून ओल्या पायांनी थेट कार्पेटवर येणे ही सर्वांत मोठी चूक. ओला पाय धूळ धरतो आणि ती धाग्यात दाबतो. वुजूखाना आणि हॉल यांच्यामध्ये काथ्याचे जाड पायपुसणे आणि त्यापुढे कोरडी सुती पट्टी टाकली, ती रोज झटकली, तर दारातला काळा पट्टा निम्म्याने तरी कमी होईल.

इफ्तार मशिदीत होतो तिथे दस्तरखानाखाली प्लास्टिक असावे. भजीचे तेल, खजुराचा चिकटपणा, सरबताची साखर, हे तिन्ही साबणासारखेच धूळ धरतात. सरबत सांडले तर पावडर घेऊन धावू नये. कोरड्या कपड्याने टिपावे, साधे पाणी घालावे, पुन्हा टिपावे आणि वर जाड पांढरा कपडा ठेवून वजन द्यावे. उरलेली ओल वर चढून कपड्यात जाते, कार्पेटवर डाग राहत नाही. घासले तर डाग पसरतो आणि धागा विस्कटतो. रोज जोहरनंतर वाटेवर आणि दोन दिवसांआड सगळीकडे व्हॅक्यूम फिरला, तर ईदच्या दिवशी कार्पेट पहिल्या तरावीहसारखेच दिसेल. हे काम एकट्या बांगीसाहेबांवर टाकू नये. मोहल्ल्यातली कॉलेजची पोरे पाळी लावून करू शकतात. रोजा ठेवून दहा मिनिटे मशीन फिरवणे कुणाला जड नाही.

ही गोष्ट मशिदीपुरती नाही. गावात धुलाई करणारे ठेकेदार दोन-चारच असतात. शाबानमध्ये मशिदीचे कार्पेट धुणारी पोरेच लग्नसराईपूर्वी मंगल कार्यालयाचा गालिचा धुतात, दिवाळीपूर्वी बंगल्यांतले सोफे धुतात, नाट्यगृहाच्या खुर्च्या धुतात. नवीन लग्नघरात सोफा धुतल्यावर महिन्याभरात हाताशी काळा पडतो, मंदिराच्या सभागृहातले जाजम चिकट लागते, त्याचे कारण तेच आहे. एका मशिदीच्या कमिटीने "आम्हाला फेस नको, शेवटचे पाणी नितळ हवे" असे लेखी सांगितले आणि त्याचे पैसे दिले, तर ठेकेदार ते काम शिकेल. पुढे त्याचा फायदा गावातल्या प्रत्येक घराला होईल. ईदला गावाला शिरखुर्मा वाटला जातो, तसा हाही एक वाटा समजावा.

तेव्हा यंदा ट्रस्टींनी भाव ठरवताना ठेकेदाराला तीनच प्रश्न विचारावेत. पाणी टाकण्याआधी सुकी धूळ काढणार का? साबणानंतर साधे पाणी किती वेळा मारून ओढणार? आणि कार्पेट किती तासांत कोरडे करून देणार? या तिन्हींची उत्तरे कागदावर घ्यावीत, त्याप्रमाणे पैसे वाढवून द्यावेत आणि पोरांसाठी हातमोजे मागावेत. काम झाल्यावर खुशबू न घेता एक ओला पांढरा रुमाल कार्पेटवर जोराने घासून पाहावा. रुमाल काळा झाला नाही आणि फेसाळलाही नाही, तरच बिलावर सही करावी.